पांढरीच्या पोटातले कुंभ

तापी, गिरणा, पांझरा, कान या नद्यांच्या काठाकाठाने हिंडलं की थोड्याथोड्या अंतरावर एखादा उंचवटा दिसतो. भोवती कपाशीची काळी जमीन आणि मध्येच राखेच्या रंगाची, खापरांनी भरलेली टेकडी. कुठे तिला पांढर म्हणतात, कुठे गढी. वर कधी एखादं मारुतीचं देऊळ असतं, कधी अख्खं गाव वसलेलं असतं, तर कधी नुसती बाभळीची झुडपं. पावसाळ्यानंतर कडेची दरड कोसळली की राखेचे पट्टे, चुलीची भाजकी माती, जनावरांची हाडं आणि लाल खापरं उघडी पडतात. गावातल्या पोरांना ही खापरं माहीत असतात. पाण्यावर भाकऱ्या मारायला ती फार सोयीची.

युरोपातल्या आद्य शेतकऱ्यांच्या थडग्यांची चित्रं ज्याने पाहिली आहेत, त्याला ही टेकडीही तशीच वाटणं साहजिक आहे. इंग्लंडमध्ये वेस्ट केनेट इथे इ.स.पू. ३६५० च्या सुमाराला शेतकऱ्यांनी मृतांसाठी सुमारे शंभर मीटर लांबीचा मातीचा ढीग रचला आणि त्याच्या एका टोकाला दगडी खोल्या बांधून त्यांत निदान ३६ माणसं ठेवली. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज त्यानंतर चारेक शतकांनी झालं. त्याचा व्यास ८५ मीटर आहे आणि डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाचं ऊन सकाळी सरळ आतल्या खोलीपर्यंत पोहोचतं. हे लोक स्वतः लाकडाच्या साध्या घरांत राहत. ती घरं कुजून गेली, थडगी राहिली.

खानदेशातली पांढर मात्र कुणी रचलेली नाही. मातीची भिंत पावसात ढासळते. पडलेल्या भिंतीची माती उचलून बाहेर टाकण्यापेक्षा तिथेच सपाट करून नवी भिंत उभी करणं सोपं. चुलीची राख, शेणाचं सारवण, कोंडा, फुटकी मडकी, सगळं जागच्या जागी राहतं. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची रीत अजून आहे. असं घर पडतं तेव्हा छपरावरची पिढ्यान्‌पिढ्यांची माती एकदम खाली येते. अशा पडझडीतून टेकडी वाढत जाते. प्रकाशे इथे तापीच्या काठी बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये खणलं, तेव्हा वस्तीचे थर सुमारे १७ मीटर खोल निघाले. तळाशी ताम्रपाषाण काळ, त्यावर लोखंड आल्यानंतरचा काळ, त्याच्याही वर ऐतिहासिक काळाचे थर. आज पाच-सहा मजली इमारत जेवढी उंच, तेवढा नुसता राहण्याचा कचरा.

तरीही ही टेकडी थडगं नाही असं म्हणून सोडून देता येत नाही. या जिवंत माणसांच्या ढिगात मेलेली माणसंही आहेत, आणि तीही मुद्दाम घरात आणून ठेवलेली.

महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा माग काढायचा तर खानदेशातूनच सुरुवात करावी लागते. त्यांच्या सर्वांत जुन्या संस्कृतीला नावच तापीकाठच्या सावळदा या गावाचं आहे. काळ साधारण इ.स.पू. २२०० ते १८००. या लोकांचं एक गाव धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, कान नदीच्या काठी कावठे इथे सापडलं आणि डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी ते खणलं. कावठ्याची गंमत अशी की तिथे पांढर जवळजवळ नाहीच. वस्ती पसरलेली बरीच मोठी, पण थर जेमतेम वीतभर-हातभर. जमिनीत खड्डा खणून त्यावर छप्पर घातलेली घरं. लोक आले, थोडा काळ राहिले आणि उठून गेले. टेकडी तयार व्हायला नुसते शेतकरी असून भागत नाही, पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी ठाण मांडून बसणारे शेतकरी लागतात.

असे ठाण मांडणारे लोक पुढच्या माळवा आणि जोर्वे संस्कृतींच्या काळात आले. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं बहाळ हे त्यांचं खानदेशातलं महत्त्वाचं गाव. अभ्यासकांना बहाळ आधीपासून ठाऊक होतं, पण निराळ्या कारणाने. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी अनंतदेव याने इथे भवानीचं देऊळ बांधल्याचा शके ११४४ चा, म्हणजे इ.स. १२२२ चा शिलालेख तिथे आहे. हा अनंतदेव भास्कराचार्यांच्या घराण्यातला. त्याच गावाच्या मातीखाली त्याच्याहून अडीच हजार वर्षं जुनं गाव आहे, हे १९५०च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी उघड केलं. देशपांडे आणि थापर हे दोघेही पुढे पाठोपाठ सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. दोघांच्या हाताला तरुणपणी खानदेशची माती लागलेली होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

बहाळसमोर, गिरणेच्या पलीकडच्या काठावर टेकवाडे आहे. तिथे देशपांड्यांना १९५६-५७ मध्ये ताम्रपाषाण काळातली दफनं मिळाली. काही कुंभात, एक खड्ड्यात. सोबत काळी-तांबडी भांडी आणि मणी. वस्ती या काठाला, मृत त्या काठाला. आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, कारण आपलं स्मशानही गावाबाहेर, बहुधा नदीकाठी असतं. पण त्या काळच्या महाराष्ट्रात ही रीत चारचौघांसारखी नव्हती. त्या वेळचे बाकीचे शेतकरी आपले मृत गावाबाहेर नेत नसत, घरातच ठेवत.

पुण्याजवळ शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बारा-चौदा वर्षं तिथे खणलं. ह. धी. सांकलिया, ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. नेवासे, चांदोली, दायमाबाद इथेही हाच प्रकार मिळाला. मूल गेलं की आई-बाप घराची जमीन उकरत. करड्या रंगाचे, हाताने घडवलेले, रुंद तोंडाचे दोन जाडजूड कुंभ घेत. मूल त्यांत ठेवत आणि दोन्ही कुंभ आडवे करून तोंडाला तोंड भिडवून खड्ड्यात ठेवत. कुंभांची लांबी उत्तर-दक्षिण. शेजारी चोचीची एखादी तांबडी झारी आणि वाडगा. मग माती लोटून वर जमीन सारवत. त्याच जमिनीवर पुन्हा चूल पेटे, दळण होई, दुसरं मूल रांगे.

मातीची जात पाहण्यासारखी आहे. जोर्वे लोकांची चाकावर घडवलेली, लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, टणटणीत भाजलेली भांडी फार देखणी. पण मुलासाठी ती वापरलेली नाहीत. ती शेजारी, पाण्यासाठी किंवा घासासाठी ठेवली. मूल ठेवायला घेतलं ते ओबडधोबड, करडं, हातघडीचं. घरातली धान्यसाठ्याची भांडी याच जातीची असत. बियाणं ज्या भांड्यात ठेवायचं त्यातच मूल ठेवलं, असं म्हणायचा मोह मलाही होतो आणि बऱ्याच लेखकांना झालेला आहे. पण मोठं, रुंद तोंडाचं भांडं घरात तेच असायचं, हे साधं कारणही तेवढंच खरं आहे. गर्भ, बीज, पुनर्जन्म या शब्दांवर उडी मारण्याआधी घरात काय हाताशी होतं ते पाहावं.

नेवाशाला अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी गंजले, आणि तांब्याच्या त्या गंजामुळेच आत ओवलेला धागा कुजायचा राहिला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या धाग्यात रेशीम आणि कापूस सापडल्याचं नोंदलं आहे. चांदोलीला अशाच माळेचा धागा जवसाच्या तागाचा निघाला. कापूस पिकवणाऱ्या, जिनिंगच्या धुळीत वाढलेल्या आपल्या जिल्ह्यांतल्या वाचकाने हे लक्षात ठेवावं. दख्खनमधला इतका जुना कापसाचा धागा कुठल्या राजाच्या वस्त्रात नव्हे, एका पोराच्या गळ्यात राहिला.

पोरांची संख्या फार मोठी आहे. या सगळ्या गावांत मिळालेली बहुतेक दफनं लहान मुलांची. इनामगावच्या दातांवर आणि हाडांवर जॉन लुकाच आणि वाळिंबे यांनी काम केलं, पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांच्या हाडांवर पुस्तक लिहिलं, ते २०११ मध्ये आलं. थोरांच्या सांगाड्यांतून न कळणारं पुष्कळ काही या मुलांकडून कळतं. मुलाचं हाड ज्या वर्षी उपासमार झाली त्या वर्षी तिथेच थांबतं. इनामगावच्या शेवटच्या, उत्तर जोर्वे काळातली मुलं उंचीच्या मानाने वजनाला हलकी निघतात. जव पिकवणारं गाव त्या काळात शिकारीकडे आणि रानातल्या अन्नाकडे जास्त झुकत चाललं होतं. गावाचा ऱ्हास त्याच्या मोठ्या घरांत दिसण्याआधी पाळण्यातल्या मुलांच्या मांड्यांत दिसतो.

मोठ्या माणसाची व्यवस्था निराळी. त्याला कुंभ नाही. घराच्या जमिनीत किंवा अंगणात खड्डा खणून उताणं निजवायचं, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. आणि घोट्याखाली पावलं तोडलेली. एखाद्या सांगाड्यापुरतं हे नाही, ही रीतच दिसते. माणूस मेल्यावर त्याची पावलं कापायची आणि मग आपल्याच घरात पुरायचं. सांकलियांनी अंदाज केला की मृताने उठून दूर जाऊ नये, किंवा भूत होऊन हिंडू नये, म्हणून असं केलं असावं. हा अंदाज इतका पसरला आहे की आता तो सिद्ध झाल्यासारखाच सांगितला जातो. मला तो अर्धा पटतो. भूत होऊन छळेल अशी भीती ज्याची वाटते, त्याला माणूस गावाबाहेर नेतो, वेशीपलीकडे पुरतो, काटे टाकतो. इथे तर त्याच्या वरच्या जमिनीवर अंथरूण घालून लोक झोपत. भीती असेल तर ती त्याने परत येण्याची नसून निघून जाण्याची असावी. गेलेला माणूस घरचाच राहावा, त्याने घर सोडू नये. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात ही समजूत अजून आहे, म्हणजे मेलेल्याच्या पायांचा घोर मराठी माणसाला जुना आहे. पण त्या समजुतीचा धागा थेट इनामगावला नेऊन बांधणं मला धाडसाचं वाटतं.

एक माणूस मात्र पावलांसकट पुरलेला आहे. इनामगावच्या एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा, न भाजलेल्या मातीचा मोठा रांजण मिळाला. आत चाळिशीच्या आसपासचा पुरुष मांडी मुडपून बसवलेला. पाय शाबूत. सोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली. घर मोठं, शेजारी धान्याचं कोठार, म्हणून हा गावचा मुखिया असावा असं उत्खनन करणाऱ्यांनी मानलं. मुलाला कुंभ, मुखियाला कुंभ आणि मधल्या सगळ्यांना पावलं तोडून खड्डा. या गावात पाय शाबूत ठेवून जाण्याचा मान कुणाला मिळत होता, ते यावरून दिसतं.

टेकवाड्याकडे परत वळलं की तिथली रीत त्यामुळेच जास्त खुपते. बहाळची भांडी जोर्वे लोकांच्या जातीची, घरं तशीच, पण मृत पलीकडच्या काठाला. खानदेशात एकाच काळात दोन रीती चालत असाव्यात. घराच्या पोटात ठेवणं आणि नदीपलीकडे नेणं. जगात इतरत्रही या दोन्ही रीती दिसतात. तुर्कस्तानात चाताल ह्युयुक इथे आजपासून नऊ हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी निजण्याच्या ओट्याखाली मृत पुरत आणि त्याच घरावर नवं घर उभारत. तिथली टेकडीही आपल्या पांढरीसारखीच राहण्यातून वाढलेली. वेस्ट केनेटवाले मात्र मृतांना वेगळं घर देत. दोन्ही ठिकाणी शेती नवी होती. नवी जमीन कसायला लागलेल्या माणसाला ही जमीन आपली आहे हे सांगायला कुणीतरी लागतं, आणि कायमचा साक्षीदार म्हणजे पुरलेला बाप. इंग्लंडमध्ये तो माळावर दुरून दिसेल असा ठेवला. इथे तो घरातच होता, त्यामुळे दिसण्याची गरज पडली नाही.

इ.स.पू. १००० च्या सुमाराला तापी आणि गोदावरीकाठची ही गावं उठली. इनामगाव आणखी तीनशे वर्षं तगलं. मग लोखंड आलं आणि मृतांसाठी खरोखरच ढीग रचणारे लोक महाराष्ट्रात दिसू लागले, पण ते तापीच्या उगमापलीकडे, विदर्भात. नागपूरजवळ जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे मोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. वर्तुळात माती आणि गोटे भरून उंचवटा केलेला, खाली माणूस, लोखंडी हत्यारं आणि माहूरझरीला तर तांब्याच्या साजासकट घोडा. घर आता मृतापासून तुटलं. थडगं माळावर गेलं. ज्यांचं गाव नायकुंडला लोखंड गाळत होतं, त्यांची स्मारकं गावाबाहेर दगडात उभी राहिली.

मृताच्या अवशेषांवर ढीग रचण्याची पुढची पायरी म्हणजे स्तूप, आणि तो खानदेशाच्या उंबऱ्यावर आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या स्तूपात स्फटिकाचे करंडक मिळाले. या लेण्यांवर १९५९ मध्ये सविस्तर लिहिलं तेही बहाळ-टेकवाडे खणणाऱ्या म. न. देशपांड्यांनीच. एका माणसाने गिरणाकाठचे मातीचे कुंभही पाहिले आणि डोंगरातले स्फटिकाचे करंडकही. भांड्यात अवशेष ठेवणं दोन्हीकडे आहे. वर ढीग मात्र फक्त दुसरीकडे रचलेला.

आज आपण जाळतो. तरी हिंदू घरांत दोघांना जाळत नाहीत, तान्ह्या मुलाला आणि संन्याशाला. तान्हं मूल पुरतात. संन्याशाला बसवून समाधी देतात. इनामगावलाही कुंभ मिळाला तो या दोघांसारख्यांनाच, मुलाला आणि बसलेल्या मुखियाला. मधल्या अडीच-तीन हजार वर्षांत धर्म, भाषा, सगळं उलथंपालथं झालं, तेव्हा ही एकच रीत सरळ रेषेत चालत आली असं म्हणणं कठीण आहे. पण मोठ्यांना एक नियम आणि या दोन टोकांना वेगळा नियम हा आराखडा फार जुना आहे, इतकं या मातीवरून दिसतं. तसंच दिशेचं. दक्षिणेकडे पाय करून निजू नको, हे आजही घराघरांत मुलाला सांगतात, कारण ती यमाची दिशा. इनामगावच्या मृतांचे पाय, किंवा पावलं तोडलेल्या तंगड्या, दक्षिणेलाच आहेत.

कुंभही पूर्ण गेला नाही. चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर धरून फेरे होतात आणि ते मागे टाकून फोडलं जातं. अस्थी मडक्यात भरतात, विसर्जन होईपर्यंत ते झाडाला टांगतात. खानदेशातली पुष्कळ कुटुंबं त्या अस्थी प्रकाशे इथे नेतात. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखलं जातं. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये. केदारेश्वराच्या घाटावर उतरणाऱ्या माणसाच्या मागे थापरांनी खणलेली १७ मीटरांची पांढर असते, आणि तिकडे बहुधा कुणी मान वळवून पाहत नाही.

या टेकड्या आता झपाट्याने कमी होताहेत. पांढरीची माती धाब्याला चांगली, शेतालाही खत म्हणून चांगली, आणि ही गोष्ट शेतकऱ्याला पुरातत्त्वखात्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पूर्वी बैलगाडीने नेत, तेव्हा वर्षाला वीतभर कड जायची. आता जेसीबी येतो आणि एका उन्हाळ्यात अर्धी टेकडी ट्रॉल्यांत भरून जाते. माती नेणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण तो जे करतो आहे तेच या टेकडीवर राहणारेही करत होते, जुन्या घराची माती उचलून नव्या कामाला लावत. फरक एवढाच की त्यांना खालचे कुंभ कुठे आहेत हे ठाऊक होतं आणि ते त्यांना हात लावत नव्हते. माती नेताना करड्या रंगाचे दोन मोठे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे दिसले, तर ट्रॉली तिथेच थांबवावी आणि तहसीलदाराला फोन करावा. आत गुप्तधन नाही. लहान हाडं असतात, आणि कधीकधी तांब्याचे हिरवे पडलेले मणी.